मधल्या घरातलं नाव

सोलापुरात मधल्या मारुतीच्या मागच्या गल्लीत सिद्धप्पांचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. कापूर, उदबत्ती, विभूती, वाती, नारळ असा सगळा माल बाहेर मांडलेला असतो आणि तो कुठल्याही दुकानात मिळतो. पण अक्कलकोटपासून, पार कर्नाटकातल्या आळंदवरनं लोक इथं यायचे ते आतल्या फळीवरच्या एका पत्र्याच्या डब्यासाठी. त्या डब्यात भूर्जपत्रं असत.

भूर्जपत्र म्हणजे हिमालयातल्या एका झाडाची साल. हरिद्वारचा एक व्यापारी तिच्या गुंडाळ्या पाठवायचा. सिद्धप्पा ती गुंडाळी ओलसर फडक्यात ठेवून मऊ करायचे, मग नखानं एकेक पापुद्रा सोडवायचे. फिकट गुलाबी-तपकिरी रंग, त्यावर तिळासारखे आडवे डाग. डाग चुकवून बोटाएवढी पट्टी कापायची आणि डाळिंबाच्या काडीनं अष्टगंधात यंत्र लिहायचं. नऊ घरांचा चौकोन, आठ घरांत आकडे आणि मधल्या घरात ज्याच्यासाठी लिहायचं त्याचं नाव. वाळलं की पट्टी गुंडाळून तांब्याच्या ताइतात घालायची आणि तोंड मेणानं बंद करायचं. सोलापूरच्या कोरड्या हवेत साल लगेच तडकते, म्हणून हे सगळं झपाट्यानं, पण घाई न करता करायचं.

सिद्धप्पांचा नेम एकच होता. लिहिताना तो माणूस मनात धरायचा. गिऱ्हाइकाला ते विचारत, "पोरगा कसा आहे? बारीक की जाड? रडका की हसरा?" मगच काडी बुडवत.

दिवाळीनंतर त्यांचा एकुलता एक मुलगा महेश्वर गेला. तो बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचा, गावोगाव फिरायचा. मोहोळकडून मोटारसायकलवर परत येत होता. दिवस मावळला होता. उसानं भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती आणि तिच्या मागं काहीच नव्हतं, ना दिवा, ना लाल फडकं. महेश्वर सरळ तिच्यावर गेला.

दवाखान्यानं त्याच्या वस्तू एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या. घड्याळ, पाकीट, गळ्यातलं इष्टलिंग आणि दंडातला ताईत. सिद्धप्पांनी आपणच लिहिलेला तो ताईत हातात घेतला, थोडा वेळ बघितला आणि परत पिशवीत टाकला. त्या दिवसापासून त्यांनी काडीला हात लावला नाही.

धनलक्ष्मीनं, म्हणजे महेश्वरच्या बायकोनं, हे सगळं पाहिलं. तिला वाटत होतं की आता काहीतरी होईल. माती देताना होईल, मग वाटलं कार्य उरकल्यावर होईल, मग वाटलं त्याचे कपडे आवरताना होईल. तिनं कपडे आवरले, घड्या घातल्या, कपाट लावलं. काही झालं नाही. शेजारच्या बाया म्हणायच्या, "रडून घे गं. आत ठेवू नको." ती म्हणायची, "हं." आत काही ठेवलेलंच नव्हतं. चहा पिताना तो गोड आहे का अगोड हे तिला कळत नव्हतं. एकदा तव्यावर बोट टेकलं. फोड आला तेव्हा तिला समजलं की भाजलं होतं.

अक्कलकोटहून भाऊ न्यायला आला. मूलबाळ नाही, म्हातारा सासरा, इथं राहून काय करणार, असं त्यानं समजावलं. ती म्हणाली, "मी ठीक आहे इथं." हे खरं होतं का खोटं, हेही तिला ठाऊक नव्हतं. उठून पिशवी भरणं तिला जमलं नसतं, एवढंच.

दुकान उघडलं तशी माणसं येऊ लागली. सिद्धप्पा सगळ्यांना हात हलवून सांगत, "लिहिणं बंद केलंय." एक माणूस तिकडनं, कर्नाटकातनं आला होता. तो हटेचना. शेवटी सिद्धप्पा आत वळून म्हणाले, "धनव्वा, तू लिही. तुला येतं."

तिला येत होतं. लग्न होऊन आल्यावर त्यांनीच शिकवलं होतं. साल सोडवणं, पट्टी कापणं, अक्षर वळवणं. पण गिऱ्हाइकासाठी तिनं कधी लिहिलं नव्हतं.

"मनात काय धरू, मामा?" तिनं विचारलं.

सिद्धप्पा रस्त्याकडं बघत होते. "येईल ते," ते म्हणाले.

तिच्या मनात काही आलं नाही. तिनं चौकोन आखला, आकडे भरले, नाव लिहिलं. हात जराही हलला नाही. रेघा सिद्धप्पांच्या रेघांपेक्षा सरळ आल्या होत्या.

मग ती रोज लिहू लागली. परीक्षेला बसलेल्या पोरी, तापानं फणफणणारी बाळं, दुबईला गेलेले नवरे, कोर्टात अडकलेल्या जमिनी. लोक सांगत, ती मान हलवी आणि लिही. आणि लोक परत येऊन म्हणू लागले, "ताई, तुमच्या हाताला गुण आहे." ती त्यावरही मान हलवी. हात कुणाचा तरी दुसऱ्याचा असल्यासारखा तिच्यापुढं चाले आणि ती बघत बसे.

संक्रांतीच्या जत्रेला, गड्ड्याला, सोलापूर भरून गेलं. त्या गर्दीत एक बाई दुकानात आली. काळीसावळी, ठसठशीत कुंकू, कमरेला पानाची चंची.

"मी गोजरबाई. करमाळ्याची," तिनं सांगितलं. "कमलाभवानीच्या देवळाखाली वटीचं सामान इकते. माझ्या पोरासाठी ताईत पायजे."

"देवी आहे की तुमच्याकडं," सिद्धप्पा म्हणाले.

"हाय की. पण ती समद्यांची हाय. ह्यो त्याच्या एकट्याचा असल." ती धनलक्ष्मीसमोर बसली. "अभिमन्यू नाव त्याचं. उसाचा ट्रॅक्टर चालवतोय. मागं दोन-दोन ट्रॉल्या. रातीची खेप असली की मला झोप लागत न्हाय."

ट्रॉली हा शब्द धनलक्ष्मीच्या कानावर पडला. विहिरीत दगड टाकावा आणि खालून आवाजच येऊ नये, तसं झालं. तिनं पट्टी घेतली, लिहिलं, वाळू दिलं, गुंडाळलं, मेण लावलं. गोजरबाईनं ताईत कपाळाला लावला आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली.

गड्डा उठला. पाळणे, दुकानं गेली, जत्रेचं होम मैदान मोकळं झालं. एका सकाळी मंगळवेढ्याकडचा एक मेंढपाळ आला. बायको बाळंतपणाला टेकलेली होती आणि तिच्यासाठी नको, माझ्याचसाठी द्या, मीच घाबरतोय, असं तो म्हणाला. सिद्धप्पांना त्याचं हसू आलं. महेश्वर गेल्यापासून ते पहिल्यांदा हसले आणि म्हणूनच असेल, ते उठून धनलक्ष्मीच्या बाजूला येऊन बसले. तिनं लिहून ठेवलेली पट्टी त्यांनी वाळली का बघायला उचलली.

"नाव काय म्हणालास रे तुझं?" त्यांनी मेंढपाळाला विचारलं.

"धुळा जी."

सिद्धप्पांनी पट्टी मुठीत धरली. "साल तडकली, धनव्वा. दुसरी लिही," ते म्हणाले. आणि ती लिहीत असताना ते तिच्या काडीकडं बघत राहिले. धु. ळा. धुळा ताईत घेऊन गेल्यावर त्यांनी मूठ उघडून पट्टी तिच्यापुढं ठेवली.

मधल्या घरात महेश्वर असं लिहिलेलं होतं. स्वच्छ, वळणदार, एकही अक्षर डागावर न पडलेलं.

"मी हे लिहिलं?" धनलक्ष्मीनं विचारलं.

"तूच की."

तिनं पट्टीकडं पाहिलं. धुळा लिहिल्याचं तिला आठवत होतं. म्हणजे आठवत होतं असं वाटत होतं.

"आधी कधी झालंय का असं?" सिद्धप्पांनी हळूच विचारलं.

"माहीत नाही, मामा."

दोघंही फळीवरच्या मेणाच्या गोळ्याकडं बघत राहिले. ती लिहायला लागल्यापासून किती ताईत गेले, कोण जाणे. सगळे बंद. जाताना कुणी पत्ता देत नाही आणि ताईत उघडून बघायची रीत नाही.

"करमाळ्याची बाई," धनलक्ष्मी म्हणाली. "ती कुठं बसते, ते तिनं सांगितलंय."

"तिचंच चुकलंय कशावरनं?"

"तिचा पोरगा ट्रॅक्टर चालवतो. उसाचा."

 सिद्धप्पांनी डब्यातनं चार चांगल्या पट्ट्या निवडल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून ती निघाली. मोहोळच्या अलीकडं तो रस्ता आला. तो नेमका कुठला तुकडा, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. ती खिडकीतनं बघत राहिली. बाभळी, ढाबा, डांबर. सगळा रस्ता सारखाच होता. टेंभुर्णीला गाडी बदलली आणि दुपारी ती करमाळ्यात उतरली.

देवळाच्या खालच्या बाजूला गोजरबाई नारळ आणि खणांच्या ढिगामागं बसली होती. धनलक्ष्मीला बघून तिचा चेहरा फुलला. "अगं बया! देवीला आलाव?"

"नाही. तुमच्याकडंच आले. ताईत बघायचाय."

"का वं?"

"नाव चुकलं असेल. उघडून बघू."

गोजरबाईचा चेहरा बदलला. तिनं शेजारच्या हारवालीला दुकान बघायला सांगितलं आणि काही न बोलता तिला घरी घेऊन गेली. घर जवळच होतं. दोन खोल्या पत्र्याच्या, पुढं मोकळी जागा आणि तिथं ट्रॅक्टर, मागं दोन रिकाम्या ट्रॉल्या. कारखाना साफसफाईसाठी एक दिवस बंद होता, म्हणून पोरगा घरी होता. बनियनवर बसून तो मोबाईल बघत होता. विशीतला, दांडगा, हसऱ्या तोंडाचा.

"अभ्या, ताईत काढ," आई म्हणाली.

त्यानं दोरा सोडला, खिळ्यानं मेण उकरलं आणि पट्टी बाहेर ओढली. उलगडताना तिची एक कड चिरली. त्यानं उजेडाकडं धरून वाचलं, "म... महेश्वर."

"ह्यो कोण?" गोजरबाईनं विचारलं.

"माझे मालक," धनलक्ष्मी म्हणाली.

"मंग तुमच्या मालकांचं नाव माझ्या पोराच्या दंडात कशापाय?"

"कळलं नाही मला लिहिताना." मग ती म्हणाली, "ते दिवाळीनंतर वारले."

गोजरबाई ताडकन उठली. "मेलेल्या माणसाचं नाव? माझ्या लेकराच्या दंडात? आन ते घिऊन त्यो रातभर ऊस वडतोय?" तिचा आवाज चढत गेला, शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. "तुमाला डोळं हायत का न्हाईत? इस्वासानं आली मी तितं! दुसऱ्याच्या पोराचा जीव म्हंजे काय खेळ वाटला काय तुमाला? नसंल ध्यान लागत तर लिवायला बसायचं न्हाय!"

धनलक्ष्मी उभी होती. इतक्या दिवसांत तिच्याशी कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. सगळे हळू बोलत, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसं, आणि त्या बोलण्यातलं काही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. हे पोचलं. बरं वाटलं असं नव्हे. पण एकेक शब्द ऐकू आला.

"आये, गप जरा," अभिमन्यू म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं. "कशानं वारले वो?"

"उसाच्या ट्रॉलीवर गेले. उभी होती. मागं दिवा नव्हता."

 गोजरबाई खाली बसली. अभिमन्यूनं पट्टी दोन्ही हातांत धरली होती, ती कुठं ठेवावी हे त्याला कळत नव्हतं.

"कुटं?" त्यानं विचारलं.

"मोहोळ-सोलापूर रस्त्यावर."

"तिकडं मी न्हाय जात," तो घाईघाईनं म्हणाला. "आमचा कारखाना हिकडंच हाय. ती माझी न्हवती."

"तुमची म्हणत नाही मी." धनलक्ष्मी दारातनं बाहेरच्या ट्रॉल्यांकडं बघत होती. "तुमच्या ट्रॉलीला मागं काय आहे?"

"रेडियम हाय की."

"दोन्हीकडं?"

"एका बाजूचं निघालंय. लावायचंय, उद्या कारखान्याव जाताना..."

"आत्ता लावा."

"अवो, लावतो की उद्या..."

"आत्ता!" ती ओरडली. इतक्या मोठ्यानं की ती स्वतःच दचकली.  

गोजरबाईनं तिच्याकडं बघितलं, मग पोराकडं. "जा," ती म्हणाली. "दुकानातनं घिऊन ये. जास्तीचं आण."

अभिमन्यू सदरा चढवून गेला. घरात दोघी राहिल्या. धनलक्ष्मीनं पिशवीतनं ओलं फडकं, अष्टगंधाची डबी, मेण, डाळिंबाची काडी काढली आणि पाटावर पट्टी अंथरली. चौकोनाची पहिलीच रेघ वाकडी गेली. दुसऱ्या पट्टीवर अष्टगंधाचा थेंब पडून आकडा बुजला. ती काडी धरून नुसती बसली.

"सावकाश लिवा," गोजरबाई म्हणाली. आवाजात अजून राग होता. "मी हाय बसलेली."

"कसा आहे तो?" धनलक्ष्मीनं विचारलं. "लहानपणी कसा होता?"

गोजरबाईला हा प्रश्न विचित्र वाटला असावा. पण ती सांगू लागली. पोरगा पायाळू जन्मला. बैलाला भ्यायचा न्हाय, पण कुत्र्याला भितो, अजून भितो, एवढा थोराड झाला तरी. ट्रॅक्टरवर बसला की बेसूर गाणी म्हणतो, गल्लीत यायच्या आधी ऐकू येतो. बाप गेला तेव्हा हा सातवीत होता आणि तेराव्याला त्यानं बापाच्या चपला घातल्या. मोठ्या व्हायच्या, पण काढायचा न्हाय. बोलताबोलता गोजरबाईनं डोळ्याला पदर लावला. धनलक्ष्मी ऐकत होती. तिनं ते मनात धरायचा प्रयत्न केला. कुत्र्याला भिणारा, बेसूर गाणारा, पायापेक्षा मोठ्या चपला घातलेला मुलगा. मग तिनं तिसऱ्या पट्टीवर नाव लिहिलं. अक्षरं थोडी हलली होती, रेघ एका ठिकाणी जाड झाली होती. पण नाव त्याचं होतं.

रेडियमची गुंडाळी घेऊन अभिमन्यू आला तेव्हा आईनं त्याला आधी नाव वाचायला लावलं.

"अभिमन्यू," तो म्हणाला.

"परत वाच."

"अभिमन्यूच हाय, आये."

मगच तिनं मेण लावू दिलं.

धनलक्ष्मी बाहेर येऊन ट्रॉलीच्या मागं उभी राहिली. अभिमन्यूनं धूळ पुसली, पण त्याला घाई होती. तिनं त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि लोखंड खसाखसा घासलं, गंजाचे पापुद्रे निघेपर्यंत. लाल-पांढरी पट्टी त्यानं उजवीकडं लावली, मग डावीकडचं जुनं काढून तिथंही लावली, मग तिच्या चेहऱ्याकडं बघून न सांगताच दोन्ही ट्रॉल्यांच्या बाजूंनाही लावली. तिनं प्रत्येक पट्टीची कड अंगठ्यानं दाबून पाहिली. या सगळ्यात तिची एसटी गेली. पुढच्या गाडीला वेळ होता, म्हणून गोजरबाईनं तिला भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. ती जेवली. चटणी तिखट होती. तिनं पाणी मागून घेतलं.

निघताना गोजरबाईनं ती जुनी पट्टी कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली. "हे घिऊन जावा. माझ्या घरात नगं." मग म्हणाली, "तुमी येऊ नगा असं न्हाय म्हणत मी."

ती घरी पोचली तेव्हा गल्लीतली दुकानं बंद व्हायच्या बेतात होती. सिद्धप्पांनी स्वतः भात लावला होता, थोडा करपला होता. तिनं पाय धुतले आणि कागद त्यांच्यापुढं ठेवला.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"महेश्वरच."

त्यांनी पट्टी उलगडली, चष्मा लावून पाहिली. खूप वेळ. मधल्या घरावरनं बोट फिरवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते रडले, म्हातारी माणसं रडतात तसं, आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. मुलगा गेल्यापासून तेही रडले नव्हते, हे धनलक्ष्मीला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला, पाठीवर हात ठेवला. तिला स्वतःला रडू आलं नाही. येईल असं क्षणभर वाटलं मात्र. 

"पाण्यात सोडू का उद्या तळ्यावर?" तिनं विचारलं.

"बेडा," ते म्हणाले. "नको. राहू दे."

आता दुकानात दोघं शेजारी बसतात. ती लिहिते, ते गिऱ्हाइकाला पोराबाळांचं विचारतात आणि मेण लावायच्या आधी नाव मोठ्यानं वाचून घेतात. जुनी गिऱ्हाइकं परत आली की ती म्हणते, "ताईत उघडून बघू का एकदा?" बरेचजण नाही म्हणतात, गुण आलाय, कशाला उघडायचा. दोघातिघांनी उघडू दिला. आतली नावं बरोबर होती. एका बाईच्या ताइतात पट्टीचा भुगाच निघाला, काय लिहिलं होतं ते कळलं नाही. तिला धनलक्ष्मीनं नवीन लिहून दिला.

बाकीचे कुठं असतील, तिला ठाऊक नाही. कुणाच्या दंडात, कुणाच्या गळ्यात, पाळण्याच्या दांडीला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती साल सोडवत बसते आणि कधीकधी तिचं बोट थांबतं. मग सिद्धप्पा विचारतात, "काय झालं, धनव्वा?"

"काही नाही, मामा," ती म्हणते आणि पुढचा पापुद्रा धरते.